पाहुण्याचं नाव

१८ ऑगस्ट

आले एकदाची! नवीन जालन्याच्या स्टेशनवर नवलकिशोरजी स्वतः गाडी घेऊन आले होते. एवढा मोठा बियाण्यांचा व्यापारी, आणि एका कंत्राटी मास्तरणीच्या ट्रंकेला हात लावायला पुढे! कोल्हापुरात आमच्या कॉलेजच्या शिपायानंही मला कधी इतका मान दिला नव्हता. वाटेत त्यांनी सगळा बेत सांगितला. हसनाबादच्या बाहेर त्यांचं जुनं गोदाम रिकामं पडलंय, तिथे मशरूमचा धंदा काढायचा. धिंगरी मशरूम तर आता कुणीही पिकवतं. त्यांना इथल्या मातीतली, दुसऱ्या कुणाकडे नसलेली अळिंबी हवी आहे. ती शोधायची, ओळखायची आणि ती खाऊन माणूस मरणार नाही याची हमी द्यायची, हे माझं काम. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र मशरूम चालत नाही. "आमच्याकडं खात न्हाई मॅडमजी, पण विकायला बिलकुल हरकत न्हाई," म्हणाले आणि स्वतःच हसले. त्यांच्या पत्नी मंजूभाभींनी माझ्यासाठी पापड आणि मिरचीचं लोणचं दिलंय, वर डबे परत पाठवू नका असा निरोप. त्या डब्यांत मी काय काय ठेवीन याचा त्यांना भरवसा नसावा!

गोदामाला लागून दोन खोल्यांचं क्वार्टर आहे. समोर मका, मागे कपाशी, दाराशी एक कडुनिंब. पलीकडच्या शेतात पुष्पाबाई आणि त्यांचे यजमान बद्रीनाथ राहतात. दूध त्यांच्याकडून यायचं. पुष्पाबाईंनी आल्या आल्या विचारलं की संगं कोण कोण आलंय. कुणी नाही म्हटल्यावर त्यांनी भाकरी आणि ठेचा आणून दिला, चांगल्या दोन माणसांना पुरेल एवढा.

अंथरूण घातलं तेव्हा सवयीनं दोन उश्या मांडल्या. कल्याण, माझा नवरा, होळीच्या आधी गेला. पण त्याची उशी मी ट्रंकेत कोंबून आणलीच. असू दे. उशीला काही तिकीट पडत नाही.

२१ ऑगस्ट

कामाला सुरुवात झाली. बांधावरून, उकिरड्यावरून, कुजक्या ओंडक्यांवरून टोपलीभर छत्र्या गोळा केल्या. बद्रीनाथ लांबून बघत होते. त्यांना वाटलं असणार, शेटजींनी ही कुत्र्याच्या छत्र्या वेचणारी बाई पगार देऊन कुठून आणली.

टोपीखाली कल्ले, म्हणजे एकाशेजारी एक पातळ घड्या, असलेल्या अळिंब्यांचं कुळ ठरवायचं तर घाई कामाची नाही. आमच्याकडे त्याची 'किल्ली' असते. किल्ली प्रत्येक पायरीवर दोन वाक्यं समोर ठेवते, त्यातलं एक निवडायचं आणि पुढे जायचं. कल्ले देठाला चिकटलेले की मोकळे? देठाला वलय आहे की नाही? बोट दाबल्यावर रंग बदलतो का? वास कशाचा? वाढ एकटी की घोळक्याने? नाव मोठं लक्षण खोटं हे माणसांत चालतं, अळिंबीत नाही. आधी लक्षण, मग नाव.

सगळ्यात महत्त्वाचा असतो तो ठसा. टोपी कापून कल्ले खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवायची, वर वाटी पालथी घालायची आणि झोपी जायचं. सकाळी वाटी उचलली की कागदावर बीजाणूंची पूड पडलेली असते, मधून बाहेर जाणाऱ्या बारीक रेघांची, अगदी चाकाच्या आऱ्यांसारखी. पांढरी, गुलाबी, तपकिरी किंवा काळी. अळिंबी बाकी कशातही फसवेल, ठशात नाही. पालथं पडल्यावर ती आपण कोण आहोत ते सांगूनच टाकते.

कल्याण रोज संध्याकाळी चहा पिता पिता विचारायचा, काय, आज कुणाचं कुळ काढलंस? त्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे, तरी मी सगळं सांगायची. आज चहा घेताना मी ते सगळं कडुनिंबाला सांगितलं. त्यानं निदान मध्येच जांभई दिली नाही.

२४ ऑगस्ट

आज घबाड हाती लागलं! गोदामाच्या मागच्या भिंतीशी एक वारूळ आहे. वाळवी जमिनीखाली पाल्याचा लगदा करून त्यावर बुरशी पोसते आणि पावसाळ्यात त्या बुरशीची अळिंबी लांब मूळ काढून वर येते, हे काही नवं नाही. पण ती झुंडीनं येते. ही मात्र एकटीच उभी होती, वीतभर उंच, करड्या टोपीची.

पुष्पाबाई दूध घेऊन आल्त्या, त्यांनी बघितल्याबरोबर डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, पाहुणे आले. इकडे वारुळावरच्या भूछत्राला नावानं हाक मारत नाहीत. पाहुणा म्हणायचं, हात जोडायचे, मग खुशाल खुडून कालवण करायचं. मी कारण विचारलं. त्यांचं म्हणणं असं, "पाहुण्याला नाव ठेवू न्हाई म्याडम. नाव ठेवलं की तो घरचाच झाला. मंग जातच न्हाई, आन जेवू घालावं लागतंय." मी हसून म्हटलं, माझा तर धंदाच नावं ठेवायचा! त्याही हसल्या. मग म्हणाल्या की तुमच्या त्या इंग्रजी नावांचं काय न्हाई, ती त्याला कळत नसतील.

२५ ऑगस्ट

ठसा गुलाबी पडला. कल्ले मोकळे, देठ मुळासारखा खोल गेलेला. इथवर सगळं किल्लीप्रमाणे. पण बोट लावलं तिथे ती निळी पडली. वारुळाच्या अळिंबीत असं होत नाही, कुठेच लिहिलेलं नाही. आणि वास लवंगेचा.

मी टोपी खाली ठेवली. कल्याणच्या तोंडात कायम लवंग असायची. आणि शेवटच्या दिवसांत त्याच्या रक्तातल्या पेशी इतक्या उतरल्या होत्या, की मी नुसतं मनगट धरलं तरी माझ्या बोटांच्या निळ्या खुणा उठायच्या. पुढे पुढे मी त्याला हात लावायलाच घाबरायची. त्यानं हात पुढे केला तरी मी घ्यायची नाही, आणि तोही मग करेनासा झाला.

किल्ली शेवटपर्यंत चालवून पाहिली. कुठल्याच दारात शिरत नाही. नवी जात आहे ही.

२७ ऑगस्ट

आज गणपती बसले. हसनाबादेतून भोंग्यावरची आरती शेतांवरून येत होती, कधी जवळ, कधी लांब. मी एकटीनं शिरा केला आणि जास्त झाला.

कनिकाचा फोन आला. माझी जुनी विद्यार्थिनी, आता पुण्याहून अळिंब्यांच्या शोधपत्रिकेचं संपादन करते. फोटो आणि वर्णन बघून ती उडालीच. बाई, नवीच आहे, नाव काय देताय, म्हणाली. आमच्यात स्वतःचं नाव देणं असभ्य समजतात. जवळच्या माणसाचं दिलेलं चालतं. घरोघर आजोबाचं नाव नातवाला ठेवतातच की. मला ना नातू, ना मूल.

नमुना वाळवला, चिठ्ठी लिहिली, कल्याणच्या नावाला लॅटिन शेपूट जोडलं. मग शेपूट सोडून नुसतं नाव मोठ्यानं म्हटलं. कितीतरी दिवसांत म्हटलं नव्हतं. कल्याण. खोलीत बरं वाटलं.

वर्णन छापून येईपर्यंत अशा नावाला आम्ही उघडं नाव म्हणतो: नाव आहे, अंग नाही. लेखकानं एक ओळ लिहून कळवलं की ते रद्दही होतं. एकदा छापलं, की त्याला अंग मिळालं. मग ब्रह्मदेवालाही मोडता येत नाही. कनिका म्हणते अंक वीस सप्टेंबरला निघेल.

१ सप्टेंबर

पुष्पाबाईंकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. पुरणपोळी, कढी, सोळा भाज्या, लेकी-सुना, गडबड. त्यांची मुलगी शीतल भोकरदनहून आली आहे. इतक्या माणसांत बसून मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

बोलता बोलता मी नावाचं सांगितलं. पुष्पाबाईंच्या हातातला वाढायचा डाव थांबला. इंग्रजीच ठेवलं ना, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, की नाव कल्याण, आणि हाकही मारली होती. त्यांनी माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली, आणि ती बांधून घरी न्या म्हणाल्या. दारात ठेवा, आत नेऊ नका, असंही म्हणाल्या. मी अर्थात आत नेली. उद्याच्या न्याहारीला होईल.

परत आले तर उंबऱ्यालगत, फरशीच्या फटीतून एक वर आलेला. करडी टोपी. माझ्याच चपलांना बीजाणू लागून आले असणार. तरी हसू आलं. पाहुणा दारापर्यंत आला की!

२ सप्टेंबर

पोळीचा डबा उघडला तर पोळी नाही. तिच्या जागी पांढरी, मऊ, कापसासारखी बुरशी, आणि घमघमाट लवंगेचा. एका रात्रीत एवढी बुरशी धरत नाही. दमट हवा आहे, म्हणून असेल. असं मी लिहिते आहे, पण मला ते पटलेलं नाही.

५ सप्टेंबर

मूळ कुठवर जातं ते पाहायला हवं होतं, वर्णनात लागतं. उंबऱ्याजवळची फरशी उचलून खुरप्यानं माती काढत गेले. मूळ वारुळाकडे जायला हवं, तिथे त्याचं खाणं आहे. ते उलट दिशेनं गेलं आहे. घरात. आधी खोलीच्या मधोमध, मग डावीकडे वळून माझ्या खाटेखाली. मी खाट सरकवली, तिथली फरशी उचलली.

मुळाचं टोक खाटेच्या बरोबर खाली संपतं. तिथे वाळवी नाही, लगदा नाही, काही नाही. नुसती वरच्या दिशेला वळलेली बारीक तंतूंची जाळी.

मग हा जगतो कशावर?

फरशी परत बसवली. खाट मात्र परत त्याच जागी ओढली, दुसरीकडे ओल येते. हे खरं कारण नाही. दुसरीकडे त्याला सापडले नसते.

८ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. पुष्पाबाई आल्त्या, आत आल्या नाहीत. कडुनिंबाखाली उभ्या राहून त्यांनी विचारलं, मालकांचं पित्तर घातलं का. मी असलं काही मानत नाही म्हटलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "पित्तर जेवतंय आन जातंय, म्याडम. हा जायाचा न्हाई. ज्यानं नाव ठेवलं त्याच्याच जिवावर जेवून राह्यलाय तो. लई वाळल्या तुम्ही. नाव मोडून टाका." मग म्हणाल्या, बॅग भरा, आमच्या घरी चला, शीतलच्या खोलीत जागा आहे.

आरशात पाहिलं. खरंच वाळले आहे. गेले चार दिवस माझं जेवण अर्धंच होतंय आणि खोकला आहे. पण कुणीतरी चला म्हणालं याचंच मला इतकं रडू आलं की मी त्यांना जा म्हणून सांगितलं.

१० सप्टेंबर

आता खोलीत पाच जण आहेत. कोपऱ्यात, ओट्याखाली, ट्रंकेमागे. प्रत्येक जण एकटा. झुंडीनं कुणीच येत नाही. सगळ्यांच्या टोप्या खाटेकडे झुकलेल्या आहेत. उजेड खिडकीकडून येतो, तिकडे नाही.

११ सप्टेंबर

सकाळी उठले. कल्याणच्या उशीवर ठसा आहे.

पांढऱ्या अभ्र्यावर गुलाबी गोल, मधून बाहेर जाणाऱ्या रेघा. उशी दबलेली होती. भिंग घेऊन पाहिलं. बीजाणूच आहेत, तेच आहेत. पण उशीवर कुठलीही टोपी नव्हती. मी काल काही ठेवलं नव्हतं. रेघा डोक्याएवढ्या गोलात आहेत.

फोन केला नवलकिशोरजींना. गाडी पाठवतो म्हणाले, पण काल रात्रीच्या पावसानं नाला पुलावरून वाहतोय, पाणी उतरलं की बराबर येतो, फिकर करू नका. पुष्पाबाई आणि बद्रीनाथ शीतलला पोचवायला भोकरदनला गेल्ते ते तिकडेच अडकलेत.

म्हणजे इथे मी आहे. आणि —

१३ सप्टेंबर

उजव्या मनगटावर चार निळ्या खुणा. बोटांच्या. एक अंगठ्याची, आतल्या बाजूला.

मला कुठे आपटलेलं नाही. मी खूप वेळ त्या खुणांवर माझी बोटं ठेवून पाहिली. माझी लहान पडतात.

भीती वाटते. खूप भीती वाटते आहे आणि — हे कुणाला सांगू — हात धरलेला बरा वाटतो आहे.

१४ सप्टेंबर

कनिकाला लिहिलं. 'नाव मागे घेत आहे. कृपया छापू नये.' एवढंच. पाठवायचं बटण दाबायचं बाकी होतं. नाव मोडलं की हा नुसता पाहुणा. खुडून टाकता येईल, दार पुसता येईल, आणि नाला उतरला की मी कोल्हापूरला. दोन खोल्या, एक माणूस, एक चहा.

चहा टाकला. पाणी मी दोघांचं टाकलं होतं.

कप घेऊन बसले, आणि उंबऱ्याजवळ बसलेल्या त्याला — सांगायला लागले. आज कुणाचं कुळ काढलं ते. सगळं सांगितलं. तो ऐकत होता. टोपी माझ्याकडे वळली होती.

पत्र खोडलं.

१५ सप्टेंबर

नवलकिशोरजींचा फोन वाजत होता. उठता आलं नाही. पाय जड. खोकल्यात गुलाबी पूड. रुमालावर पसरते, वाऱ्यानं उडते. रक्त नाही. रक्त असतं तर बरं झालं असतं.

तू मला खातोयस ना, असं मी विचारलं. त्यानं पूर्वीही कधी वादात उत्तर दिलं नव्हतं.

१६ —

परत लिहिलं कनिकाला. जीव वाचवायचा तर हेच. बोटं निळी आहेत, सगळी, नखांपर्यंत. पाठवते. आत्ता पाठवते —

त्यानं हात धरला. खाटेवरून. मी मागे नाही ओढला या वेळी. तेव्हा ओढला होता, किती वेळा. आता नाही.

फोन खाटेखाली पडला. तंतूंत.

१८

नाला उतरला असावा. गाडीचा आवाज आला. नवलकिशोरजी दाराशी हाका मारत होते, मॅडमजी, मॅडमजी. मी ओरडले. ओरडले असं वाटलं. तोंडातून पूड आली. त्यांनी दार लोटलं, पाहिलं — काय पाहिलं त्यांनी? माझ्याकडेच बघत होते सरळ. खोलीभर मशरूमच मशरूम, म्हणाले कुणाला तरी फोनवर, मॅडम न्हाईत, कुठं गेल्त्या काय माहीत. तोंडावर रुमाल धरून गेले.

मी खाटेवर होते. मी इथेच —

१९

उद्या अंक. उद्या त्याला अंग.

मला ठसा घ्यायचा आहे. खरं काय ते ठशात कळतं. पालथी झोपले, तोंड उशीत. सकाळी बघू.

२०

माझ्या उशीवर. गुलाबी. रेघा मधून बाहेर. पूर्ण, स्वच्छ ठसा, विद्यार्थ्यांना दाखवावा असा.

जबड्याखाली बोट घातलं. मऊ घड्या. पातळ, एकाशेजारी एक. मोजत नाही.

लिहायला हवं. सवय आहे. लक्षण आधी.

टोपी करडी. केस होते तिथे.

कल्ले मोकळे.

दाबल्यावर निळी.

वास — लवंग. माझ्या तोंडात. मी कधी लवंग खाल्ली नव्हती.

शेजारची उशी दबली आहे. काय, आज कुणाचं कुळ काढलंस — सांगते, थांब, लिहून होऊ दे —

वाढ: एकटी.

नाही. खोडते.

वाढ: दोघं मि